ओरखडाच आहे

१२ जून

ठमे,

ही हाक तुला आवडायची नाही. पण 'चिरंजीव' लिहून खोडलं, 'प्रिय' लिहून खोडलं. दोन कागद वाया गेल्यावर म्हटलं, तोंडात येतं तेच लिहावं. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, तिने देईपर्यंत मी तिच्या दारातून हलले नाही.

तुझे बाबा बरे आहेत. मीही बरी आहे. कुणी गेलेलं नाही, कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही. नऊ वर्षांनी घरचं पत्र आलं की माणूस आधी तेच शोधतो, म्हणून आधी लिहून टाकलं.

मला इस्पितळाने घरी बसवलंय. चौकशी संपेपर्यंत येऊ नका म्हणाले. एकतीस वर्षं ज्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली, तिची किल्ली मी परवा टेबलावर ठेवून आले. शिकाऊ मुली खाली बघत होत्या. एकीने मात्र धीर करून माझा चष्मा आणून दिला, तो ट्रेमध्ये चिमट्यांबरोबर उकळायला निघाला होता.

झालं ते असं. खाली बाबांच्या दुकानाचा गाळा होता ना, तिथे आता एक इस्त्रीवाली असते. बाई कष्टाळू, जिभेने तिखट, मनाने साधी. गेल्या आठवड्यात तिने मला हात दाखवला. कुठल्याशा मांजराचं पिल्लू कपड्यांच्या ढिगात येऊन झोपलं होतं, हुसकताना त्याने ओरबाडलं. तीन रेघा होत्या. रक्त नाही, नुसतं साल निघालेलं. पहिल्या वर्षाच्या मुलीनेही साबणपाण्याने धुवून तिला कामाला पाठवलं असतं.

मी वर आले, फडताळातला बिस्किटांचा डबा काढला, त्यातली अँटिबायोटिकची एक गोळी घेतली, खाली गेले आणि माझ्या डोळ्यांदेखत तिला ती गिळायला लावली. ती म्हणत होती, अहो सिस्टर, एवढ्याशाला कशाला. मी म्हटलं, एवढ्याशालाच.

कुठल्या गोळीचा पूर्वी त्रास झालाय का, हे मी तिला विचारलं नाही. दिवसातून चाळीस वेळा विचारते मी हा प्रश्न. झोपेतसुद्धा विचारेन. तिला नाही विचारला.

वीस मिनिटांनी कापड जळल्याचा वास वर आला. त्या वासाने मी खाली धावले. इस्त्री शर्टावर तशीच होती, आणि ती टेबलाला धरून उभी होती. ओठ सुजून उलटलेले, डोळे मिटत आलेले, घशातून शिट्टीसारखा आवाज. इस्पितळ रस्त्यापलीकडे आहे म्हणून ती वाचली. पायात चप्पल नसताना मी तिला जवळजवळ खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडला. इंजेक्शन मिळालं. दोन दिवस ठेवलं तिला. आता पुन्हा इस्त्री करते.

मी माफी मागायला गेले तर म्हणाली, "सिस्टर, ओरखडा माझा होता. एवढं भ्यायला तुम्हाला काय झालं?"

तिने हे सहज विचारलं. मी मात्र जिन्यात येऊन बसले.

त्या डब्यातल्या गोळ्या माझ्या नव्हत्या. रोगी बरे होऊन घरी जातात, उरलेल्या गोळ्या खाटेशी टाकून जातात, त्या मी गोळा करायची. मांजराने कुणाला ओरबाडलं एवढं कानावर आलं की माझा हात डब्याकडे जायचा. पेपरवाल्याला दिल्या, दुधवाल्याला दिल्या, समोरच्या निवृत्त मास्तरांना तर दोनदा दिल्या. गरज किती जणांना होती? एखाद्याला असेल. बाकीच्यांना मी उगाच औषध चारलं, आणि उगाच चारलेलं औषध गरजेच्या वेळी चालेनासं होतं, हेही मला ठाऊक आहे. कुणाचाही हात समोर आला की मी आधी उजव्या हाताची तर्जनी बघते. माणसाचा चेहरा नंतर.

का, ते तुला ठाऊक आहे असं तुला वाटत असेल. बाबांचं बोट गेलं तेव्हापासून आईने मांजराचा धसका घेतला, असं. सगळ्यांना तसंच वाटतं. मी तसंच वाटू दिलं.

— आई


१७ जून

ठमे,

पहिलं पत्र पोचलं की नाही, माहीत नाही. तरी लिहिते. आज नाही लिहिलं तर मग लिहिणार नाही.

काल मेट्रनबाईंनी बोलावलं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी तिला सलाईन लावायला शिकवलं होतं, आणि आता ती टेबलाच्या त्या बाजूला. दरडावेल असं वाटलं होतं, पण तिने चहा मागवला. मग विचारलं, डबा कधीपासून ठेवलाय. मी म्हटलं, नऊ वर्षं. नऊ वर्षांपूर्वी काय झालं? मिस्टरांचं बोट गेलं, मांजर चावून. ती म्हणाली, "मग त्यांना आधीच गोळ्या दिल्या नव्हत्या का? सिस्टर, तुम्ही घरात असताना?"

मी म्हटलं, दिल्या नव्हत्या. माझ्याजवळ होत्या.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते एका परक्या बाईसमोर. घरी येताना वाटलं, तिला कळलं आणि तुला नाही, हे बरं नव्हे.

आता नीट सांगते.

त्या रविवारी तुझे मामा-मामी आले होते, आठवतं? मी सांगत होते की अवघड जखम असली की मोठे डॉक्टर मलाच बोलावतात. जरा जास्तच सांगत असेन. बाबा डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ बघत होते. मान वर न करता म्हणाले, "पट्टी बांधायला कसली अक्कल लागते? इथे केसाएवढा हात हलला तर काटा बंद." सगळे हसले. तू हसलीस. मीही हसले. आणि त्या क्षणापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आमचा अबोला तुला नवीन नव्हता. तू मधे निरोप्यासारखी. आईला सांग चहा निवतोय, बाबांना सांग पाणी तापलंय. एकदा कंटाळून म्हणाली होतीस की तुम्ही दोघं पत्रं लिहा एकमेकांना, मी टपाल वाटते.

मंगळवारी दुपारी तू मोरीत वकिलाच्या कानात औषधाचे थेंब घालत होतीस आणि त्याला धरायला तू बाबांना हाक मारलीस. काळा कोट, गळ्याशी पांढरी पट्टी, आणि प्रत्येक गोष्टीवर हरकत घेणारा तो बोका. त्याने धरणाऱ्याच्या हातावर सगळा युक्तिवाद केला. मी ड्यूटीवरून आले तर तू रडवेली, बाबा नळाखाली हात धरून उभे.

मी जखम धुतली. धुणं मी चोख केलं, त्यात कसूर नाही. मनगटाकडे ओढलेल्या चार लाल रेघा होत्या. आणि तर्जनीच्या मुळाशी, सांध्यावर, एक ठिपका. टाचणी टोचावी एवढा. तू बोट दाखवून विचारलंस, "आई, हे काय?" मी म्हटलं, "ओरखडाच आहे."

नखाने रेघ उठते. ठिपका दाताचा असतो. रेघा बघून माणूस घाबरतो, पण बहुतेक वेळा धुतल्यावर त्यांचं काही होत नाही. दात बारीक आणि लांब, तो तोंडातली घाण खोल आत नेऊन ठेवतो आणि वरची कातडी लगेच मिटते. हात असेल, सांधा असेल, तर सूज दिसायच्या आत औषध सुरू करायचं. हे मी दर वर्षी नव्या मुलींना फळ्यावर काढून शिकवते. मला कळलं नव्हतं असं नाही. बघताक्षणी कळलं होतं.

म्हणूनच मी पट्टी बांधून पुन्हा इस्पितळात गेले. कुठे जाते ते कुणाला सांगितलं नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उजवा हात, सांधा, त्यात माणूस घड्याळजी, वाट बघू नका सिस्टर, पहिली गोळी आत्ताच द्या. कंपाउंडरने पाकिटावर बाबांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस.

सात वाजता घरी आले. पर्स खुंटीला अडकवली. ते वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पट्टीचा हात गुडघ्यावर. मी वाट बघत राहिले. म्हटलं, एवढंच विचारू देत की कुठे गेली होतीस. अक्कल लागत नाही म्हणाले ना, मग आता त्या अकलेकडे हात पसरू देत. विचारलं की मी काही न बोलता गोळी आणि पाण्याचा पेला पुढे ठेवीन. एका रात्रीने काय होतंय?

ठमे, मला त्यांचं बोट नको होतं गं. मला तो पेला पुढे ठेवायचा होता, बस्स.

त्यांनी विचारलं नाही. बुधवारी सकाळी ते दुकानात गेले. संध्याकाळी आले ते हात उचलून धरूनच. पट्टीच्या कडेला लाली होती. तेव्हा मात्र मी अबोला मोडला. विचारलं, दुखतंय का? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, बरं. आणि पर्सकडे पाठ करून पोळपाट घेतला.

गुरुवारी पहाटे त्यांना हुडहुडी भरली. बोट फुगून चकाकत होतं, वाकलेलं होतं, सरळ करायला गेलं तर ते ओरडत होते. तेव्हा मी दोन गोळ्या दिल्या. चौतीस तासांनी. पुढचं तू पाहिलंस. चिरून पू काढला, पुन्हा चिरलं, शेवटी दोन पेरं काढावी लागली. पू मधल्या बोटापर्यंत पसरला होता, ते बोट राहिलं, पण वाकत नाही. घड्याळजीच्या हाताला उरलं काय?

डॉक्टर मला एकदा म्हणाले होते की वेळेवर सुरू केल्या असत्या तरी खात्री कुणी देऊ शकत नाही. काहींचं घेऊनही चिघळतं, काहींना न घेता काही होत नाही. हे वाक्य मी नऊ वर्षं चघळते आहे. कधी त्याच्या आधाराने झोप लागते, कधी त्यानेच जाग येते.

वॉर्डात बाबा तुला म्हणाले, "तुझ्या मांजराने माझा हात खाल्ला." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. पर्स खांद्याला, आत ते पाकीट. मला बोलता आलं असतं. मी बोलले ते हे, की कितीदा सांगितलं होतं, घरात मांजर नको.

तुझा चेहरा कसा झाला होता, ते मी लिहीत नाही. मला लिहिता येत नाही.

— आई


२ जुलै

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर बदललंय, आता बारीक काढतेस. माझ्या दोन पत्रांतल्या एकाही गोष्टीबद्दल तू काही विचारलं नाहीस, फक्त एवढंच: वकिलाचं काय झालं, ते खरं सांग.

मी तेव्हा तुला सांगितलं होतं की एका धान्याच्या दुकानदाराने नेला, त्यांच्याकडे उंदीर फार, तिथे मजेत राहील. दुकानदार वगैरे कुणी नव्हता. बाबांना घरी आणलं त्या सकाळी मी वकिलाला कापडी पिशवीत घातलं, बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि गोदामांच्या मागे सोडलं. पिशवीतून तो सारखा बोलत होता. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे, मी म्हटलं, मांजर आहे, माहेरी सोडायला चाललेय. ती हसली. मीही हसले, हे मला अजून खुपतं. सोडल्यावर तो पळाला नाही. पिशवीभोवती फिरत राहिला. मी पिशवी तिथेच टाकून आले.

त्यानंतर नवव्या दिवशी तू गेलीस. ट्रंक घेऊन जिना उतरलीस तेव्हा बाबा आतल्या खोलीत होते आणि मी भांडी घासत होते. घासलेलीच पुन्हा घासत होते.

तू गेल्याच्या सहाव्या दिवशी वकील परत आला.

हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही कुणाला कळू दिलं नाही. दारात बसून त्याने आपली बाजू मांडायला सुरुवात केली. हाडं वर आलेली, एक कान फाटलेला, पायाला डांबर. मी केरसुणी उचलली. मला वाटलं, बाबांनी त्याला बघितलं तर आता काही खरं नाही. ते बाहेर आले. पट्टीचा हात छातीशी. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होते. मग म्हणाले, "राहू दे त्याला."

डाव्या हाताने त्यांनी बशीत दूध ओतलं, अर्धं बाहेर सांडलं. डाव्या हाताने त्यांनी केलेलं ते पहिलं काम.

सहा वर्षं जगला तो आमच्याकडे. मावशी यायची म्हटलं की त्याला मोरीत कोंडायचो, नाहीतर तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत जाईल. तो आतून कडाकडा भांडायचा. बाबा रेडिओ मोठा करायचे. मावशी म्हणायची, कान गेले की काय तुमचे? आणि आम्ही दोघं, जे इतर वेळी आठवड्यात दहा शब्द बोलत नव्हतो, एका सुरात सांगायचो की हो, जरा कमीच येतं.

का लपवलं, विचारशील. तुला कळलं असतं तर तू एकच प्रश्न टाकला असतास: मांजरावर राग नव्हता, तर मग कुणावर होता? त्याचं उत्तर आमच्यापैकी कुणालाच द्यायचं नव्हतं. म्हणून मांजराला घरात घेतलं आणि तुला बाहेर ठेवलं. लिहिताना हे किती सोपं वाक्य होतं बघ.

तो म्हातारा होऊन गेला, बाबांच्या जुन्या कामाच्या बाकावर, उन्हात. तीन वर्षं झाली. मोरीचं दार वाऱ्याने हललं की अजून आम्ही दोघं एकाच वेळी तिकडे बघतो, आणि मग एकमेकांकडे बघत नाही.

— आई


९ जुलै

ठमे,

चौकशीचा निकाल लागला. नोकरी गेली नाही. इस्त्रीवाली येऊन सांगून गेली म्हणे, की बाईंनी मारायला नाही, वाचवायलाच दिली होती, फक्त चुकीच्या माणसाला. मला ड्रेसिंगच्या खोलीतून काढून चादरी-अभ्र्यांच्या कोठारात टाकलंय. पुढच्या महिन्यापासून रुजू व्हायचं. ठीक आहे. चादरीला कुठल्या गोळीचा त्रास होतो ते विचारावं लागत नाही. डबा मी मेट्रनबाईंच्या हवाली केला.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही.

तुला लिहिलेलं सगळं मी रविवारी बाबांना सांगितलं. ते चष्म्याच्या दुकानात नोकरी करतात आता, गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवतात. सुट्टी होती. चहा पुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, त्या मंगळवारी मी तुमच्या गोळ्या आणल्या होत्या. ते माझ्या पर्समध्ये होतं, पाकीट. मी मुद्दाम दिल्या नाहीत.

मला वाटलं होतं, कप फेकतील. किंवा उठून चालते होतील. त्यांनी चहा बशीत ओतला, दोन घोट घेतले.

"माहीत आहे," म्हणाले.

बुधवारी सकाळी दुकानाची किल्ली शोधायला त्यांनी माझ्या पर्समध्ये हात घातला होता. पाकीट दिसलं. त्यावर आपलं नाव दिसलं, सकाळी एक, संध्याकाळी एक, तेही वाचलं. आणि परत जागच्या जागी ठेवलं.

मी खाली बसले. विचारलं, "मग घेतलीत का नाही?"

"तू देशील म्हणून थांबलो."

मला वाटत होतं की ते माझ्या हातून झालं. त्यांना वाटत होतं की ते त्यांच्या हातून झालं. एकाच पाकिटावर आम्ही दोघं नऊ वर्षं दोन बाजूंनी बसलो होतो. बुधवारी संध्याकाळी मी विचारलं, दुखतंय का, तेव्हा त्यांना ठाऊक होतं की औषध चार हातांवर खुंटीला लटकतंय. आणि ते म्हणाले, नाही. त्या अर्ध्या मिनिटात दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं.

मग मी तुझं विचारलं. म्हटलं, एवढं माहीत होतं तर वॉर्डात पोरीला का बोललात?

ते खिडकीकडे तोंड करून बोलले. "कुणाला तरी बोलायला हवं होतं. तुला बोललो असतो तर स्वतःलाही बोलावं लागलं असतं. तीच एक होती, जिचा काही दोष नव्हता. जिचा दोष नसतो तिला बोलणं सोपं जातं."

हे त्यांचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही. नंतर ते म्हणाले की हे तिला कळव. मी म्हटलं, तुम्हीच कळवा. त्यांनी कागद घेतला, डाव्या हाताने तारीख घातली, तुझं नाव लिहिलं आणि पुढे तासभर तसेच बसून राहिले. कागद घडी करून खिशात ठेवलाय. मी मागितला नाही.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही. तू एकोणीस वर्षांची होतीस आणि आम्ही दोघं घोडे झालो होतो. मांजराच्या कानात औषध घालायला बापाला हाक मारली, एवढंच तू केलंस. मांजर चावलं. मांजर चावतं. त्यापुढचं सगळं माणसांनी केलं.

खाली आमच्या घरचा फोन नंबर लिहिलाय. तोच आहे, बदललेला नाही. उगाच लिहिला.

— आई


२५ जुलै

ठमे,

रविवारी तू फोन केलास. तू माझ्याशी दोन वाक्यं बोललीस आणि म्हणालीस, त्यांना दे. दिला. तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही. ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून बसले होते. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

ते बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. डोळे लाल होते. मी नळ बंद केला. त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता, रक्त वाळून काळा पडलेला.

"जरा बघतेस का?" म्हणाले.

ठमे, बोट गेलं तेव्हाचं सगळं ड्रेसिंग त्यांनी दुसऱ्या सिस्टरांकडून करून घेतलं होतं. मी पाणी तापवायची आणि बाहेर जायची. नऊ वर्षांत त्यांनी मला साधं नख काढायला सांगितलं नाही. मी हात पुसले आणि त्यांना उजेडात आणलं.

विचारलं, कशाने लागलं? चष्म्याची काच फुटली, तिने. कधी? काल दुपारी. म्हटलं, काल लागलं आणि आज सांगताय?

ते म्हणाले, "आज सांगतोय."

रुमाल भिजवून सोडवला. अंगठ्याच्या बाहेरच्या अंगाला एक सरळ चीर, अर्ध्या बोटाची. अंगठा हलवून बघितला, टोकाला स्पर्श कळतो का बघितलं. आत काचेचा कण नाही. सांधा लांब. कडा स्वच्छ. पण त्यांचा हा एकच धड हात उरलाय. आणि माझा हात माझ्या नकळत फडताळाकडे गेला. तिथे डबा नाही, तरी गेला.

त्यांनी ते बघितलं. विचारलं, "गोळी हवी का?"

मी अंगठा खिडकीकडे वळवला. एकतीस वर्षांत कुठल्याही जखमेला एवढा वेळ घेतला नसेल. पुन्हा बघितलं. दाबून बघितलं. मग म्हटलं, नको. हिला गोळी लागत नाही. धुवायची, कोरडी पट्टी करायची आणि रोज बघायची. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय, ते तेवढं मेट्रनबाईंना सांगून इस्पितळाच्या नोंदीत बघून घेऊ.

"तू म्हणशील तसं," म्हणाले, आणि पट्टी होईपर्यंत हात टेबलावर ठेवून बसले, शाळेत ठेवावा तसा.

आज पाचवा दिवस. सूज नाही, लाली नाही. मला हे कळतं, आणि तरीही मला राहवत नाही. सकाळी पट्टी बदलताना बघते, ते कामावर जाताना दारात बघते. परत आले की आधी अंगठा, मग चेहरा. बुद्धीला पटलेलं भीतीला पटत नाही, तिला तिचा वेळ लागतो. ती सगळी जाईल असं मला वाटत नाही.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा ते जेवून आडवे होतात. मी पाय न वाजवता खोलीत जाते. त्यांचे डोळे मिटलेले असतात, पण झोपलेले नसतात, श्वासावरून मला कळतं. चादर गळ्यापर्यंत ओढलेली असते. डावा हात तेवढा बाहेर, खिडकीच्या बाजूला, उजेडात, अंगठा वर करून ठेवलेला, मला बघता यावा म्हणून.

— आई